जुन्याची कांती राखा, हौस नव्यावर करा

गेल्या अंकात मी कोल्टच्या १९११ पिस्तुलाची जन्मकथा सांगितली होती. जॉन ब्राउनिंगची रचना, मार्च १९११ मधली ६,००० फैरींची चाचणी, ती एकदाही न अडखळता पार पडल्यावर २९ मार्चला अमेरिकी सैन्यानं केलेला स्वीकार, असा तो लेख होता. त्यावर पत्रं बरीच आली. बहुतेकांना एकच विचारायचं आहे: घरात आलेलं किंवा घ्यायचं असलेलं पिस्तूल आपल्या मनासारखं कसं करून घ्यायचं? माझं आयुष्य टूलरूममध्ये गेलं, आधी सांगली जिल्ह्यात आणि नंतर इथं ओहायोत. कानस आणि पॉलिश पेपर माझ्या हाताचे आहेत, त्यामुळे हौस मला कळते. पण कुठलं पिस्तूल हौसेचं आणि कुठलं नाही, हे आधी ठरवायला हवं. म्हणून पहिलं उत्तर लांबलं आहे.

ताई, आमच्या शेजारचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात होते. ते गेल्यावर आजींनी त्यांचं रेमिंग्टन रँडचं १९११-ए१ मला विकलं, रीतसर डीलरमार्फत. रंग बराच उडालाय. कारखान्यातून निघालं होतं तसं छान निळं-काळं करून घ्यावं आणि अंधारात दिसणाऱ्या साइट्स बसवाव्यात असा विचार आहे. इथल्या एका दुकानाची वेळही घेतली आहे. – एक वाचक, ह्यूस्टन

ती वेळ आजच रद्द करा. मग पुढचं वाचा.

रेमिंग्टन रँडचं पिस्तूल कारखान्यातून निळं निघालंच नव्हतं. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज गावात या टाइपरायटरच्या कंपनीनं युद्धकाळात पावणेनऊ लाखांच्या आसपास पिस्तुलं बनवली. त्यांच्यावर पार्करायझिंग असे, म्हणजे गरम फॉस्फेटच्या द्रावणात बुडवून पोलादावर आणलेला राखाडी, किंचित खरखरीत थर. तो तेल धरून ठेवतो आणि उन्हात चमकत नाही. सैनिकाला हेच हवं होतं. त्यावर तुम्ही आरशासारखं ब्लूइंग, म्हणजे पोलादाला निळा-काळा रंग, करवलंत, तर युद्धात कधीच नसलेली एक वस्तू तुमच्या हातात येईल.

आणि ब्लूइंग नुसतं वरून चढत नाही. आधी पॉलिश होतं. बफच्या चाकाखाली कडा गोल होतात, अक्षरं उथळ होतात, भोकांच्या तोंडाशी खळगे पडतात. चांगला संग्राहक हे खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओळखतो. उडालेला रंग मात्र दोष नाही. होल्स्टरमध्ये आत-बाहेर करताना नळीच्या तोंडाजवळची कड झिजते, मुठीचा मागचा पट्टा तळहातानं उजळतो. त्या आजोबांचा हात तिथं लागलेला आहे. तो पुसून टाकायला पैसे द्यायचे?

आता पिस्तूल बघा. आधी मॅगझीन काढा, मग स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, मागे ओढून अडकवा आणि नळीचं मागचं तोंड डोळ्यांनी बघा, करंगळीनं चाचपा. रिकामं आहे याची खात्री झाली की मगच भिंग घ्या. फ्रेमच्या डाव्या बाजूला, स्लाइड स्टॉपच्या खालच्या भागात ‘एफ.जे.ए.’ अशी बारीक अक्षरं दिसायला हवीत. ती फ्रँक जे. अ‍ॅटवुड या सैन्याच्या निरीक्षण अधिकाऱ्याची. इथाका या कंपनीच्या पिस्तुलांवरही तीच सापडतात. कोल्टवर ‘जी.एच.डी.’ म्हणजे गाय एच. ड्रूरी, आणि युनियन स्विच अँड सिग्नल या रेल्वे सिग्नलच्या कंपनीनं बनवलेल्या पिस्तुलांवर ‘आर.सी.डी.’ म्हणजे रॉबर्ट सी. डाउनी. स्लाइडवर एका कंपनीचं नाव आणि फ्रेमवर दुसऱ्या कंपनीच्या निरीक्षकाची अक्षरं असतील, तर दोन पिस्तुलांचं एक झालेलं आहे.

पण तसं निघालं म्हणून नाराज होऊ नका. सैन्याच्या शस्त्रशाळांत ही पिस्तुलं शेकड्यांनी एकत्र उघडली जात. भाग धुऊन ढिगात पडत आणि हाताला येईल तो भाग बसवून पिस्तूल पुन्हा जोडलं जाई. त्यांचे सुटे भाग एकमेकांत बसावेत अशाच मापानं केले होते, तीच तर त्यांची खासियत. अशा डागडुजीचे ठसेही असतात: ‘ए.ए.’ ऑगस्टा आर्सेनल, ‘आर.आय.ए.’ रॉक आयलंड आर्सेनल. मला स्वतःला अशी सरमिसळ पिस्तुलं फार आवडतात. ती नोकरी करून आलेली असतात.

साइट्सचं, म्हणजे नेम धरायच्या खुणांचं, सांगते. तुमच्या पिस्तुलाची पुढची साइट स्लाइडच्या खाचेत आतून ठोकून पक्की केलेली आहे. आधुनिक साइट बसवायची तर स्लाइडवर मिलिंग मशीननं कबुतरशेपटी खाच काढावी लागते. कापलेलं पोलाद परत येत नाही. शिवाय ५० वर्षांहून जुनं आणि मूळ स्वरूपातलं शस्त्र इथल्या कायद्यात ‘क्युरिओ अँड रेलिक’ गटात धरतात. संग्राहकाच्या परवान्यावर ते घेता-देता येतं. मूळ स्वरूप बदललं की ती सवलत धोक्यात येते.

झाडायला हरकत नाही, पण कधीतरी आणि जपून. एखाद्या जाणकार गनस्मिथकडून तपासून घ्या. स्लाइडला परत पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग नवी, १६ पौंडांची टाका आणि जुनी चिठ्ठी लावून डबीत ठेवा. काडतूस २३० ग्रेन वजनाच्या गोळीचं, साधं घ्या, जादा दाबाचं नको. आजींनी सोबत जुनी लष्करी काडतुसंही दिली असतील तर ती झाडू नका. १९५० च्या दशकापूर्वीच्या बऱ्याच लष्करी काडतुसांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे ठिणगी देणाऱ्या टोपीत, क्षार असत. ते नळीत राहिले तर दमट ह्यूस्टनमध्ये गंज धरायला एक रात्र पुरते. कातडी होल्स्टर असेल तर तेही जपा, पण पिस्तूल त्यात ठेवू नका. कातडं कमावताना वापरलेली रसायनं ओल धरतात आणि पोलाद खातात.

आणखी एक काम याच आठवड्यात करा. आजींकडे जा. आजोबा कुठल्या तुकडीत होते, पिस्तूल त्यांच्याकडे कसं आलं, हे त्यांच्या तोंडून ऐका, लिहून काढा, नंबरासकट कागदावर त्यांची सही घ्या. ब्लूइंग उद्याही होईल, पण ही माहिती देणारं माणूस ऐंशी-नव्वदीचं असतं.

ताई, माझं पिस्तूल नवंच आहे, फिलिपीन्समध्ये बनलेलं १९११. माझे हात लहान आहेत, चापापर्यंत बोट नीट पोचत नाही. आणि मला त्याच्या मुठीला आजीच्या शिसवी पलंगाचं लाकूड लावायचंय. पलंग मोडला, त्याचा एक पाय मी इथं आणलाय. होईल का? – एक वाचक, फीनिक्स

होईल, आणि मनापासून करा! तुमचं पिस्तूल आज हजारोंनी बनतं. त्याच्यावर हौस केल्यानं कुणाचा इतिहास पुसला जात नाही.

आधी हाताचं बघू, कारण हा त्रास मलाही होता. पहिल्या महायुद्धानंतर सैनिकांच्या तक्रारी ऐकून सैन्यानं १९२० च्या दशकात या पिस्तुलात जे बदल केले (तेच १९११-ए१), त्यांत चाप आखूड केला आणि चापामागे फ्रेमला दोन्ही बाजूंनी बोटासाठी खळगे दिले. तेव्हाच मुठीचा मागचा भाग मात्र कमानीसारखा फुगवला. लहान हाताला यातला आखूड चाप हवा आणि मागचा भाग सपाट हवा, म्हणजे दोन पिढ्यांतलं सोयीचं तेवढं एकत्र करायचं. दोन्ही भाग बाजारात मिळतात. सपाट भाग बहुतेक वेळा थोड्या कानसकामानं बसतो. चाप मात्र आतल्या घोड्याच्या कामाशी जोडलेला असतो, तो गनस्मिथकडून बसवून घ्या. मुठीच्या फळ्याही पातळ करा. नेहमीची फळी पाव इंचाच्या आसपास असते. त्यातून थोडी जाडी कमी केली तरी बोट किती पुढे जातं ते पाहून तुम्हाला नवल वाटेल.

आता शिसव. लाकूड उत्तम आहे, पण स्वभावानं तेलकट आणि ठिसूळ. पलंगाच्या पायातून फळी काढताना रेषा मुठीच्या लांबीच्या दिशेनं धरा. आडव्या रेषेची फळी स्क्रूच्या भोकापाशी चिरते. खिळ्याची जागा आणि जुनी भेग आधीच शोधा. पाय नुकताच समुद्रापलीकडून आला असेल तर फीनिक्सच्या कोरड्या हवेत काही महिने नुसता पडू द्या, नाहीतर बसवलेली फळी नंतर वाकेल. घासताना नाकाला चांगला मास्क हवाच. शिसवीची धूळ कातडीला आणि फुप्फुसाला चावते, आणि एकदा ॲलर्जी सुरू झाली की जात नाही.

जाळीचं नक्षीकाम, ज्याला इथं चेकरिंग म्हणतात, ते अक्रोडावर इंचाला २० ते २५ रेषांनी छान उठतं. शिसवीवर इतक्या बारीक रेषा काढल्या तर जाळीतल्या हिऱ्यासारख्या दाण्यांची टोकं तुटतात. मी तुमच्या जागी असते तर ती गुळगुळीतच ठेवली असती. शिसव बघण्यासाठीच असते. जवसाचं तेलही तिच्यावर नीट वाळत नाही, आतलं तेल त्याला वाळू देत नाही. आधी मेण काढलेल्या शेलॅकचे, म्हणजे लाखेच्या रोगणाचे, पातळ हात द्या, वरून मेण. स्क्रू हातानं घट्ट वाटेपर्यंतच आवळा, जोर लावू नका.

ताई, आमचा तीन पिढ्यांचा शिलाईचा धंदा. ‘सिंगर’नं पिस्तुलं बनवली होती असं मुलगा सांगतो. खरं का? – एक वाचक, नाशिक

अगदी खरं. युद्ध आलं तर कुठला कारखाना काय बनवू शकेल, हे अमेरिकी सैन्य आधीपासून चाचपून पाहत होतं. त्यासाठी कंपन्यांना छोट्या, शिकाऊ म्हणता येतील अशा ऑर्डरी दिल्या जात. सिंगरला ५०० पिस्तुलांची मिळाली आणि त्यांनी १९४१ मध्ये ती पुरी केली. काम इतकं नेटकं होतं की आजही हातात घेणारा माणूस बोलायचं थांबतो. त्यांचे नंबर ‘एस’ अक्षरानं सुरू होतात, एस८००००१ पासून एस८००५०० पर्यंत. पुढे सैन्यानं या कंपनीला पिस्तुलांऐवजी त्याहून नाजूक कामाला लावलं, तोफांचा नेम साधणारी यंत्रं बनवायला. ज्यांनी शिवणयंत्राचा शटल बनवला त्यांच्या हातांना ते शोभणारंच होतं.

पाचशेच असल्यामुळे लिलावात त्यांची किंमत लाख डॉलरच्या पुढे जाते, आणि म्हणूनच खोटी सिंगर पिस्तुलंही फिरतात. दुसऱ्याच पिस्तुलाचं पॉलिश उतरवून नवं नाव कोरलेलं असतं. खऱ्यावर निरीक्षक जॉन के. क्लेमंट यांची ‘जे.के.सी.’ अक्षरं असतात, पण तीही कुणी कोरू शकतो. तुमच्या मुलानं कधी अमेरिकेत असं पिस्तूल पाहिलं तर नुसतं बघून आनंद घ्यावा.

मी एच-१बी व्हिसावर आहे. मित्र म्हणतो, बंदुकीच्या दुकानात ओळखपत्र दाखवलं की पिस्तूल मिळतं. मला एक जुनं कोल्ट घ्यायचंय. – एक वाचक, डॅलस

मित्राचं ऐकू नका. एच-१बीसारख्या स्थलांतरित नसलेल्या व्हिसावर असणाऱ्या माणसाला शस्त्र किंवा काडतूस बाळगायला इथल्या केंद्रीय कायद्यानं मनाई आहे. काही अपवाद आहेत, त्यांतला नेहमी सांगितला जाणारा म्हणजे राज्यानं दिलेला वैध शिकारीचा परवाना. पण तुमचं प्रकरण त्यात बसतं की नाही हे इमिग्रेशन आणि शस्त्रकायदा दोन्ही जाणणाऱ्या वकिलाला विचारल्याशिवाय एक पाऊलही टाकू नका. ‘रेंजवर भाड्यानं घेऊन झाडलं तर काय होतं’ असंही काही जण विचारतात. कायद्याच्या नजरेत हातात घेणं म्हणजेही बाळगणंच. डीलरकडे भरायच्या ४४७३ क्रमांकाच्या अर्जावर हे सगळं विचारलेलं असतं आणि तिथं खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा आहे.

ग्रीन कार्ड झाल्यावर वाट मोकळी होते. तोवर संग्रहालयं बघा, नंबरांच्या याद्या आणि ठशांचे फोटो अभ्यासा. चांगला संग्राहक पैसे देण्याआधीच घडलेला असतो.

आजोबांकडे वेब्ली अँड स्कॉटचं .३२ पिस्तूल आहे, परवान्यावर. ते ७८ वर्षांचे आहेत आणि आता वडिलांच्या नावावर करायचं म्हणतात. मला त्याला निकेल करून, हस्तिदंती मूठ लावून, स्लाइडवर महाराजांची राजमुद्रा कोरून घ्यायची आहे. घराची शान राहील. – एक वाचक, सातारा

तुमच्या मनातला अभिमान मला कळतो. तरीही तिन्ही गोष्टी करू नका.

हस्तिदंताचा विषय एका वाक्यात संपतो: वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याच्या व्यापारावर बंदी आहे, आणि ‘जुनं आहे’ म्हणून कुणी कागदाशिवाय देऊ केलं तर त्याच्या दारात उभंही राहू नका. निकेल चढवायचं तर आधी पॉलिश आलं, आणि पॉलिशमध्ये नंबर व ठसे उथळ होतात. भारतीय शस्त्र कायद्यात शस्त्रावरचं नाव, नंबर किंवा ओळखखूण खोडणं, काढणं, बदलणं हा गुन्हा आहे. परवान्यावरचा नंबर आणि शस्त्रावरचा नंबर भिंगाशिवाय जुळला पाहिजे. राजमुद्रेचं म्हणाल, तर तिची जागा देवघराच्या भिंतीवर किंवा तुमच्या वहीवर आहे. दुसऱ्याच्या कारखान्यात बनलेल्या स्लाइडवर ती कोरून दोघांचाही मान राहत नाही.

तुमच्या हातात काय आहे ते बघा. हे पिस्तूल बर्मिंगहॅमचं. लंडनच्या पोलिसांनी हाच नमुना १९११ मध्ये घेतला. त्याची मूठ बहुधा काळ्या कडक रबराची असेल, कडेला तपकिरी पडलेली. तिला तेलात बुडवू नका, तिच्यावर रंग मारू नका. ती हौसेनं उघडूही नका, कारण उजव्या फळीखाली इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी मोठी स्प्रिंग बसलेली असते. हीच त्याची रिकॉइल स्प्रिंग. जागची हलली तर घरी परत बसवताना फळी तडकते. वर्षातून एकदा परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडे न्या, परवाना सोबत ठेवून. घरी फक्त बाहेरून, मऊ सुती कापडावर तेलाचा थेंब घेऊन पुसा. साताऱ्याच्या पावसाळ्यात हे दर पंधरवड्याला व्हायला हवं. लोकरीच्या पिशवीत किंवा कातडी खोळीत ठेवू नका.

नावावर करण्याचं: २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसासाठी वेगळी तरतूद आहे. परवानाधारकाचं निधन झाल्यावर, किंवा तो हयात असतानाही त्याचं वय ७० झालं असेल वा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असेल, तर वारसाला परवाना देण्याचा विचार होतो. म्हणजे आजोबांच्या हयातीत अर्ज करता येतो आणि तोच करावा. मागून भावंडांच्या संमतीपत्रांत वर्षं जातात. वडिलांच्या नावावर आधीच शस्त्रं असतील तर मोजून घ्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच ठेवता येतात, आणि वारशानं आलेलंही त्यातच धरलं जातं.

आणि घराची शान म्हणता, तर आजोबांचा जुना परवाना, त्यावरचे नूतनीकरणाचे शिक्के, काडतुसांच्या खरेदीच्या नोंदी, हे सगळं एका फाइलीत लावा. खडकीच्या कारखान्याची ‘के.एफ.’ छापाची एखादी रिकामी पुंगळी त्यांनी जपली असेल तर तिचाही फोटो त्यात ठेवा.

दुसऱ्या महायुद्धात टोरांटोत इंग्लिस कंपनीनं ब्राउनिंग हाय-पॉवर बनवलं. माझे वडील भारतीय सैन्यात होते, त्यांच्याकडेही तसंच पिस्तूल असे. इथं कॅनडात एखादं विकत घेता येईल का? – एक वाचक, मिसिसागा

आज नाही. कॅनडानं २१ ऑक्टोबर २०२२ पासून सर्वसामान्य माणसांसाठी पिस्तुलांची खरेदी, विक्री आणि हस्तांतर थांबवलं आहे. मला याचं वाईट वाटतं, कारण तुमचा धागा खरा आहे. ब्राउनिंग १९२६ मध्ये गेल्यावर बेल्जियमच्या द्यूदोने सेव्ह यांनी ती रचना पुरी केली आणि १९३५ मध्ये ते पिस्तूल बाहेर पडलं. बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर त्याचे आराखडे टोरांटोत आले. पुढे बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात बनलेलं ९ मिमीचं १-ए हे याच इंग्लिसच्या पिस्तुलाचं भावंड. वडिलांनी कमरेला लावलं ते बहुधा हेच. ओटावाच्या युद्ध संग्रहालयात त्यांना घेऊन जा. काचेआडचं बघताना ते जे सांगतील ते टिपून ठेवा.

माझ्या १९११ चा चाप जड आहे. कानस घेऊन घरीच हलका करता येईल का? व्हिडिओत तर दहा मिनिटांत करतात. – एक वाचक, सिनसिनाटी

नाही. चाप दाबल्यावर घोडा सुटतो तो दोन भागांच्या अगदी छोट्या, कडक केलेल्या कडांवरून. घोड्याची ती कड दोन-शतांश इंचाच्या आसपास उंच असते. कानशीचा हात जरा वाकडा गेला तर वरची कडक कातडी निघते आणि खालचं मऊ पोलाद उघडं पडतं. त्या दिवशी चाप लोण्यासारखा वाटेल. काही फैरींनी स्लाइड पुढे येताना घोडा आपोआप पडेल, तुमचं बोट चापावर नसतानाही.

हे काम करणारे लोक इथं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कॅलिफोर्नियात आर्मंड स्वेन्सन, लुईझियानात जिम क्लार्क यांनी साध्या लष्करी पिस्तुलांतून नेमबाजीची अशी पिस्तुलं घडवली की माणसं वर्षानुवर्षं रांगेत थांबत. त्यांच्याकडे ठरावीक कोनात भाग धरणारे साचे होते, सूक्ष्मदर्शक होते आणि प्रत्येक पिस्तूल परत देण्याआधी ते स्वतः झाडून बघत. तुमच्या गावात चांगला गनस्मिथ मिळेल. साडेचार पौंडांच्या आसपास चाप मागा, त्याहून हलका नको, आणि काम झाल्यावर तिन्ही सुरक्षा, म्हणजे अंगठ्याची, मुठीची आणि घोड्याची अर्धी खाच, तुमच्यासमोर तपासून दाखवायला सांगा.

पुढच्या अंकात ल्यूगर या जर्मन पिस्तुलाची पत्रं घेईन. लिहिताना तुमच्या पिस्तुलाच्या नंबराचे शेवटचे दोन आकडे कुठल्या कुठल्या भागांवर दिसतात तेवढं जरूर कळवा. पूर्ण नंबर मात्र पाठवू नका.